वादी: माझी पणजी

मे महिन्यात रत्नागिरीला लोक आंब्यासाठी जातात. मी गेले जुन्या वर्तमानपत्रांसाठी. थिबा राजवाडा पाहिला, भाट्याच्या किनाऱ्यावर गर्दीत उभी राहिले, लॉजवर घामानं झोप लागली नाही. त्याबद्दल एवढंच.

पणजीबद्दल आमच्या घरात एकच वाक्य चालत आलंय: नवऱ्यानं टाकली. तो मुंबईला गिरणीत लागला, आधी मनिऑर्डरी आल्या, मग त्याही थांबल्या. आईच्या मावशीला लहानपणचं एवढंच आठवत होतं, की बाबांचं नाव पेपरात आलं आणि घरात रडारड झाली. मला वाटायचं, त्यानंच काहीतरी छापून आणलं असणार.

वाचनालयातल्या बाईंनी 1949 ची फाईल स्वतः काढून दिली आणि घरचं कोकम सरबत पुढे केलं. मात्र पेला फाईलपासून हातभर लांब ठेवायला लावला. पानं इतकी तडकलेली की दोन्ही तळव्यांवर घेऊन उलटावी लागत होती. सरकी पेंडेच्या जाहिरातीखाली दीड बोटाच्या चौकटीत ती नोटीस सापडली. प्रतिवादी पणजोबा, 'हल्ली ठावठिकाणा माहीत नाही'. अमुक तारखेस सकाळी 11 वाजता जातीने अगर वकिलामार्फत हजर राहावे, न राहिल्यास एकतर्फी निकाल होईल. आणि वादी म्हणून पणजीचं नाव!

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. घटस्फोट तिनं मागितला होता.

याच मुंबई इलाख्यात 1887 साली रखमाबाईंना हायकोर्टानं सांगितलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. काही जातींत काडीमोड होती, आमच्यात तीही नव्हती. 1947 साली मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. चार वर्षं टाकून गेलेल्या किंवा सात वर्षं बेपत्ता असलेल्या जोडीदारापासून मोकळं होता येऊ लागलं, आणि दोन वर्षांत ही बाई कोर्टात उभी! तिला वकील कुणी गाठून दिला, फीचे पैसे कुठून आले, हे आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

समन्स बजावता आलं नाही की कोर्ट अशी नोटीस काढतं. समन्सची एक प्रत कोर्टात लागते, दुसरी प्रतिवादी शेवटी राहत होता त्या घराच्या दर्शनी भागावर. ते घर म्हणजे तिचं सासर. ज्या उंबऱ्यावरून माप ओलांडून ती आत गेली, तिथे तिच्याच अर्जाचा कागद डकवला गेला असेल. सगळ्या गावानं वाचला असेल. रडारड कशाची होती ते मला तिथं बसून कळलं, आणि त्या रडणाऱ्यांचा रागही आला.

निकाल पुढच्या अंकांत नाही. पेपरात फक्त बोलावणं छापलेलं. त्यासाठी आता कोर्टात नकलेचा अर्ज करायचाय. तोवर मावशीआजीला फोनवर नोटीस वाचून दाखवली. ती म्हणाली, "आईचं नाव परत वाच."