येलदरीच्या काठावर जड माशी आणि गोफणीची शिकवणी

"माशी? माशीनं मासा धरायलेत?"

मच्छीमार सोसायटीचे काका थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं उचलत होते, ते हात थांबवून माझ्याकडं बघायला लागले. मी खिशातल्या डबीतून फ्लाय, म्हणजे फ्लाय फिशिंगची नकली माशी, काढून दाखवली. दोन इंचाची, बोकडाच्या शेपटीच्या पांढऱ्या-हिरव्या केसांची, तोंडाशी शिशाचे डंबेलसारखे दोन डोळे. त्यांनी ती तळहातावर झेलून पाहिली. "ही उडंल व्हय? ही तर गोटी हाय."

काका एका वाक्यात बोलले ते कळायला मला दीड दिवस, एक टेंगूळ आणि एक रॉड लागला.

जानेवारीतला दुसरा आठवडा. परभणीला मेव्हण्याकडं संक्रांतीला जायचंच होतं, म्हणून तीन दिवस आधी निघालो आणि येलदरी गाठलं. परभणीहून जिंतूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, तिथून येलदरी पंधराएक. जिंतूरला रेल्वे नाही. परभणीला उतरायचं आणि पुढं एसटी किंवा कुणाची तरी मोटारसायकल. मला मेव्हण्याची मिळाली, मेव्हण्यासकट. राहायची सोय जिंतुरात करावी, धरणावर काही शोधत बसू नये.

पैठणचा नाथसागर सोडून इथं का, असं दोघांनी विचारलं. नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं गळ घेऊन उतरायचा विचारच केला नाही. येलदरीतही मासेमारीचा हक्क मच्छीमार सोसायटीचा असतो, माशांचं बीज तेच सोडतात. त्यामुळं रॉड जोडायच्या आधी त्यांना भेटा. मी धरलेला मासा परत सोडणार किंवा त्यांच्याच हवाली करणार, एवढं कबूल केल्यावर काकांनी हात हलवून जागा दाखवली. धरणाची भिंत आणि दरवाजांच्या आसपास फिरकू नका. खालच्या बाजूला, नदीपात्रात तर नकोच. वीजनिर्मितीचं पाणी सुटलं की पात्र बघता बघता चढतं, आणि पाय काळ्या चिखलात रुतलेला असला तर पळणं विसरा.

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि पुढं गोदावरीला मिळते. येलदरीत तिला १९६८ साली पुरं झालेल्या ५१ मीटर उंच धरणानं अडवलंय. जलाशयाचे फाटे आजूबाजूच्या ओढ्या-नाल्यांत शिरलेत. आम्ही अशाच एका फाट्यावर होतो. काठाला बेशरमाची झुडपं, मागं वेड्या बाभळी, पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं. उतार एकदम खोल जाणारा. परभणीकडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, सकाळी बोटांना गाठ मारता येत नव्हती. अशा थंडीत मरळ वर येऊन काही खात नाही. शिंगाळाही तळाशीच. माशापर्यंत पोचायचं तर फ्लाय खाली गेली पाहिजे, म्हणून वजन.

बुडणारी लाइन, म्हणजे फ्लाय फेकायची जाड दोरी, का नाही वापरली? वापरून बघितली आहे, दुसऱ्या तलावावर. अख्खी लाइन तळाच्या खोडांत जाऊन बसते. तरंगती लाइन आणि जड फ्लाय असली की फक्त फ्लाय खाली जाते, ओढली की उडी मारते, सोडली की डोकं खाली करून पडते. डोळे गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला बांधलेले असल्यामुळं गळ पाण्यात उलटा होतो आणि टोक आकाशाकडं राहतं. खोडात अडकायचं प्रमाण निम्म्यावर येतं. ही बांधणी १९८०च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउजर यांनी तिथल्या बास माशासाठी बसवली, आणि क्लाउजर मिनो हे नाव तिला लेफ्टी क्रे यांनी दिलं. सस्क्वेहानाचा बास आणि पूर्णेची मरळ यांची ओळख नाही, पण छोटा मासा घाबरून तळाकडं पळाला की दोघांनाही राहवत नाही.

आता फेकण्याचं. साध्या गळात वजन गळाजवळ असतं आणि ते दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये उलटं आहे, वजन लाइनचं असतं आणि फ्लाय नुसती मागं मागं जाते. माझी सात नंबरची लाइन (नंबर वजनाचा, जितका मोठा तितकी जड), तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १८५ ग्रेन, म्हणजे १२ ग्रॅम. नेहमीची पिसांची फ्लाय यात हिशेबातही येत नाही. या फ्लायचे नुसते डोळेच सव्वा ग्रॅमच्या आसपास, त्यात गळ आणि पाणी प्यालेले केस. दोन ग्रॅम धरा. म्हणजे शेपटीला दगड बांधलेला साप.

बॅककास्टला, म्हणजे मागच्या फेकीला, लाइन मागं उलगडते. हलकी फ्लाय टोकाला गेल्यावर हवेतच थांबते. जड थांबत नाही. ती लाइनला हिसका देते, हिसक्यानं उलटी उसळते, आणि लाइन ढिली पडते. नेमकं त्याच वेळी आपण जोरात पुढं मारतो. रॉडला ओढायला काहीच नसतं, मग अर्ध्या वाटेत अचानक सगळं वजन येतं, लाइनचा हवेतला वळसा, म्हणजे लूप, चुरगळतो आणि फ्लाय कानाशेजारून शिट्टी वाजवत जाते. पहिल्या सकाळी तिसऱ्याच फेकीला ती माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसली. टोपी होती म्हणून टेंगळावर भागलं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा मी आधीच पकडीनं चेपलेला होता. तुम्हीही चेपा, आणि ढगाळ असलं तरी चष्मा घाला.

माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. आणखी जोर लावला. दिवसभरात दोन फ्लाय बाभळीला वाहिल्या, मासा शून्य. मेव्हणा बांधावर बसून बोरं खात होता, आणि त्याचं हसू तो लपवतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ज्वारीत राखणीला मावशी आल्या. कणसं हुरड्यात आलेली, पाखरांची झुंबड. माळ्यावर चढून त्यांनी गोफण काढली, ढेकूळ ठेवलं, डोक्यावर दोनदा फिरवली आणि सोडली. शेताच्या पार त्या टोकाचा थवा उठला. ना आटापिटा, ना हिसका. मी रॉड खाली ठेवून बघत राहिलो. त्याही माझ्याकडं बघतच होत्या, कालपासून.

"भाऊ, तुमी मागं जाऊन थांबायलेत," त्या म्हणाल्या. "थांबला की दोर ढिला. दोर ढिला की दगड आपल्याच टकुऱ्यात. फिरवत ऱ्हावा की."

खरं म्हणजे हे मला माहीत होतं. पुस्तकी माहीत होतं. जड फ्लायसाठी बेल्जियन कास्ट म्हणून एक पद्धत आहे, तिचे व्हिडिओही मी पाहिले होते. रॉड आडवा धरून, कमरेच्या उंचीवरून बॅककास्ट न्यायचा, मागं कडक न थांबता टोक गोल वर वळवायचं, आणि पुढची फेक डोक्यावरून करायची. रॉडचं टोक हवेत अंड्यासारखा आकार काढतं. लाइन कधीच ढिली पडत नाही, फ्लाय हिसका द्यायच्या आतच वळणाला लागते. शिवाय जाताना एका वाटेनं आणि येताना दुसऱ्या वाटेनं, त्यामुळं ती रॉडला किंवा आपल्याला येऊन धडकत नाही. पण माझं मनगट वर्षानुवर्षं "मागं थांब, पुढं थांब" हेच घोकत आलेलं. मावशींच्या खांद्याकडं बघितल्यावर पहिल्यांदा कळलं, की वेग एकसारखा वाढत जायला हवा आणि काम मनगटाचं नाही, दंडाचं आहे.

गोफणीची तुलना एका ठिकाणी मोडते, तेही सांगतो. गोफणीचं एक टोक हातातून सुटतं आणि दगड मोकळा होतो. इथं काहीच सुटत नाही, म्हणून पुढं मात्र रॉड थांबवावाच लागतो, आणि तोही थोडा उंच, समोरच्या बांधाच्या शेंड्याकडं रोख धरून. खाली पाण्याकडं मारलंत तर फ्लाय पायापुढं आपटते. आणि गरगर फिरवायचंही नाही. एक मागं, एक पुढं, सोडून द्या. हवेत जितक्या फेऱ्या तितक्या चुका.

सुरुवातीला मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अशी. बुडालेली जड फ्लाय थेट उपटून मागं न्यायची नाही, पाणी ती धरून ठेवतं आणि रॉड उगाच वाकतो. आधी लाइन ओढून जवळ घ्या, मग एक सावकाश रोल कास्ट करून, म्हणजे लाइन मागं न फेकता पुढंच गोल उलगडून, फ्लाय पृष्ठभागावर आणा. लाइन पाण्यावर सरळ पसरली की लगेच बॅककास्ट. पाण्याची चिकटण रॉडला बेताचं ओझं देते, तेवढं पुरतं. मागं बाभळी असल्या तर मागची फेकही पाण्यावरच टेकवून पुढं मारता येते, त्यासाठी फाट्याच्या कडेला काठाला समांतर उभं राहा. अंतराचा हव्यास नको. चाळीस फुटांत उतार सुरू होत होता, मासेही तिथंच.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला नायलॉनचा दोरा, मी नऊ फुटांचा लावला होता, ती दुसरी चूक. लांब आणि बारीक लीडर जड फ्लायला पुढं उलगडून नेत नाही, ती गळून पडते. कापून सहा-साडेसहा फुटांवर आणला: ४० पौंडी (तेवढा ताण सोसणारं) नायलॉन तीन फूट, मग ३० पौंडी दीड फूट, शेवटी २० पौंडी दोन फूट. मरळीच्या दातांसाठीही वीसच्या खाली जाऊ नका.

दहाच्या सुमाराला दोन चिलापी आल्या, तळहाताएवढ्या. मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या, थट्टेच्या. मग वारा उठला. या दिवसांत सकाळ शांत असते आणि ऊन चढलं की वारा सुटतो, म्हणून उजाडताच पाण्यावर असा. वारा उजव्या अंगावर आणि रॉडही उजव्या हातात, म्हणजे फ्लाय थेट तोंडावर. अशा वेळी पाठ फिरवून उभं राहावं आणि बॅककास्टच पाण्यावर सोडावा. मी आळस केला. फ्लाय रॉडच्या वरच्या भागावर टक् करून आपटली. काही झालं नाही असं वाटलं. कार्बनच्या रॉडचं हेच वाईट आहे, केसाएवढी चीर पडते आणि दिसत नाही. दहा मिनिटांनी फ्लाय खोडात अडकली, मी ओढली, आणि रॉड टोकापासून दोन फुटांवर काडीसारखा मोडला. दोष रॉडचा नाही, माझा. अडकलेली फ्लाय रॉडनं ओढायचीच नसते. रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरून लाइन हातानं ओढायची, हे मी स्वतः चार जणांना शिकवलेलं आहे.

दुपारी मावशींनी आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, लसणाची चटणी आणि गूळ. रॉड मोडल्याचं दुःख तिसऱ्या मुठीपर्यंत टिकलं.

तिसऱ्या दिवशी जुना फायबरग्लासचा रॉड काढला. आठ नंबरचा, मऊ, वजनदार, पेटीत नुसता सोबतीला आणलेला. आणि खरं सांगायचं तर जड फ्लायसाठी तोच आधी काढायला हवा होता. कडक, चपळ रॉड घाई करायला लावतो. हा खोलवर वाकतो, वाट बघायला लावतो, आणि फटका खाऊनही सहसा फुटत नाही. नवीन घेणाऱ्यांनी महागड्या कडक रॉडच्या मागं न लागता मध्यम गतीचा सात किंवा आठ नंबरचा घ्यावा. रॉड कडकच असेल तर त्यावर एक नंबर जड लाइन चढवून बघावी.

साडेसातला, बुडालेल्या खोडाच्या सावलीत, फ्लाय तळाला टेकून दुसरी उडी मारायच्या बेतात असताना लाइन जागीच जड झाली. झटका नाही, नुसतं ओझं. मला वाटलं खोडच. मग खोड चालायला लागलं. मरळ होती, दीडेक किलोची. काठाशी आल्यावर एकदा पाण्याबाहेर पूर्ण निघाली आणि बेशरमात घुसायला बघत होती. वरच्या जबड्यात गळ, चेपलेला असल्यामुळं पकडीनं सहज निघाला. मरळीच्या तोंडात बोट घालू नका, आणि शिंगाळा आलाच तर त्याच्या पाठीच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांपासून हात लांब ठेवा. मरळ हवेतूनही श्वास घेते म्हणून ती काठावर तग धरते, पण तेवढ्यासाठी तिला मातीत लोळवून फोटो काढायची गरज नाही. हात ओले करून धरली आणि काकांच्या तराफ्याकडं पाहिलं. त्यांनी लांबूनच खूण केली, सोडा म्हणून. मेव्हणा या वेळी हसला नाही, त्यानं रॉड मागितला.

त्याला शिकवताना एक कळलं. नवख्या माणसाला जड फ्लाय देऊच नये. आधी वहीच्या कागदाचा बोळा बांधून गोल फिरवायला लावा, मग मण्यांच्या डोळ्यांची हलकी फ्लाय द्या. हे मणी बाजारात शोधायला नकोत, बेसिनच्या बुचाला असते त्या साखळीचे दोन-दोन मणी कापून डोळे होतात, आणि उथळ पाण्यात तेच जास्त बरे. शिशापेक्षा जड हवं तर टंगस्टन मिळतं, पण ते खोल पाण्यासाठी आणि हात बसल्यावर.

निघताना मोडक्या रॉडच्या टोकाचा तुकडा मावशींनी मागून घेतला. त्याला चमकणाऱ्या प्लास्टिकची पट्टी बांधून त्यांनी तो माळ्याच्या खांबाला खोचला. वाऱ्यावर तो माझ्या हातात वाकायचा त्यापेक्षा छान वाकत होता.