वाटेवरची घरं

परवा दुपारी दीडच्या सुमाराला इथे गोव्यात साखळी गावाहून येताना माझी स्कूटर एका बालरथामागे, म्हणजे शाळेच्या बसमागे, अडकली. पुढे जायला जागा नव्हती आणि घाईही नव्हती. ती पिवळी बस थोड्या थोड्या अंतरावर थांबायची, एक पोर उतरायचं, दारात उभी असलेली आजी त्याच्या पाठीवरचं दप्तर काढून घ्यायची, की बस पुढे. प्रत्येक पोर आपापल्या दारात. मागच्या काचेतून एकाने मला जीभ काढून दाखवली, तेवढंच काय ते ओळखीचं वाटलं.

आम्हाला शाळेत न्यायला काही नव्हतं, पायच. माझं घर वाटेच्या टोकाला, त्यामुळे सकाळी निघणारी मी पहिली आणि दुपारी घरी पोचणारी शेवटची. मधल्या मैत्रिणी, मित्र सगळे मला त्या वाटेने पुरवले. मी निवडून असं कुणालाच घेतलं नाही.

नावं सांगत नाही, गाव लहान आणि सगळे वाचतात. तसंही आम्ही एकमेकांना नावाने कमी आणि घराने जास्त ओळखायचो. जगमांचं, त्या आंबटगोड फळांचं, झाड असलेल्या घरची. शिंप्याकडचे दोघे. पोस्तातल्यांची मुलगी, जिच्याकडे वापरलेली तिकिटं असायची आणि म्हणून तिचा भाव जास्त. ट्रकवाल्यांचा मुलगा.

हाक मारायची ती गडग्याबाहेरून, म्हणजे दगडी कुंपणाबाहेरून. आत जायचं नाही. आत गेलं की कुणाची तरी आई हातात उंडा पाव ठेवणार, चहाचा कप पुढे करणार, आणि मग प्रार्थना चुकणार. "यो गो!" म्हणून ओरडायचं, आतून "आयलें!" यायचं. या आयलेंवर विश्वास ठेवायचा नाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं. आयलें म्हणणारीची एक वेणी अजून मोकळी असते आणि दुसरी रिबीन सापडत नसते. तरी थांबायचं. ती आली की पुढच्या गडग्यावर दोघींनी मिळून ओरडायचं, त्याच्या पुढच्या गडग्यावर चौघांनी. शाळेजवळ पोचेपर्यंत आमचा आवाज एवढा व्हायचा की शेवटच्या घरच्या पोराला हाक मारावी लागतच नसे, ते आधीच बाहेर येऊन उभं असायचं.

घरी कोकणी, वहीत मराठी. भांडण अर्थात कोकणीत, आणि बाईंकडे गाऱ्हाणं मात्र शुद्ध मराठीत. "बाई, ह्याने माझी पाटी मुद्दामहून फोडली" हे वाक्य जुळवून होईपर्यंत राग अर्धा उतरलेला असायचा. बाईंना ते माहीत असावं. त्या सावकाश विचारायच्या, "कुणी काय केलं म्हणालीस?"

पावसात वाळवंटी नदी भरली की बाजारात पाणी शिरायचं आणि आम्हाला सुट्टी मिळायची. मोठी माणसं दुकानातला माल माळ्यावर चढवत असायची, आणि आम्ही पाणी अजून एक पायरी चढावं म्हणून देवाला सांगत असायचो. सुट्टीच्या बाबतीत सरकारने आम्हाला एकदाच फसवलं. १९८७ साली गोवा घटक राज्य झालं, तो दिवस ३० मे. भर मेच्या सुट्टीत! एवढं राज्य मिळालं आणि शाळेची एक प्रार्थनासुद्धा बुडाली नाही. शिंप्याकडच्या थोरल्याचं म्हणणं असं की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केलं असतं तर काय बिघडलं असतं.

वाटेच्या मध्यावर मोठा रस्ता लागायचा. खाणीवरून खनिज भरून आमोण्याच्या बाजूला, नदीतल्या बार्जींकडे जाणारे ट्रक एकामागून एक. भरलेले जाताना कण्हायचे, रिकामे येताना उड्या मारत यायचे. दोन्ही बाजूंच्या झाडांची पानं लाल, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरी लाल, शिंकलं तर तेही लाल. आई नीळ घालून घालून दमली, शेवटी म्हणाली, गणवेशच लाल करा म्हणावं.

तो रस्ता ओलांडायची रीत ठरलेली होती. चौथीतले दोन्ही टोकांना, बारके मध्ये, सगळ्यांनी हात धरायचे. पुढारी ट्रकवाल्यांचा मुलगा, कारण कुठला ट्रक कुणाचा हे त्याला लांबून कळायचं. काचेच्या वर कुठल्या देवाचं नाव आहे, बंपर कुठल्या बाजूने चेपला आहे. "हो आमचो!" असं तो ओरडला की तो ट्रक खरंच हळू व्हायचा आणि हॉर्न द्यायचा. मग तो पोलिसासारखा एक हात वर करायचा आणि आमची माळ पलीकडे. एरवी ट्रकसमोर हात वर करणारा हा शूर, चैत्रात विठ्ठलापूरच्या उत्सवात वीरभद्राचं सोंग आलं की आईच्या पदराआड. ते आम्ही त्याला वर्षभर ऐकवायचो.

आणि या रस्त्याचा एक कायदा होता. कट्टी असली तरी ओलांडताना हात धरायचा. त्या हाताला कट्टी लागत नाही. कायदा कुणी केला कोण जाणे, आमच्या आधीच्या चौथीने केला असेल. पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

जगमांच्या घरचीशी माझी मोठी कट्टी झाली ती माटोळीवरून, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात त्या चौकटीवरून. चतुर्थीला आम्ही पोरं घरोघरी फिरून कुणाच्या माटोळीला काय काय बांधलंय ते मोजायचो. मी शाळेत सांगितलं की त्यांच्या माटोळीला नारळच नारळ आहेत, रानातलं काही नाही. तिचे बाबा म्हणे दोन दिवस रानात फिरले होते. ती कट्टी दिवाळीपर्यंत चालली. तरी सकाळी मी तिच्या गडग्याजवळ थांबायचीच. हाक मारता येत नव्हती, म्हणून खोकायची. ती बाहेर यायची, वेण्या घातलेल्या, दोन्ही, अगदी वेळेवर. कट्टीत तिला एकदाही उशीर झाला नाही. मग ती वाटेच्या त्या कडेने, मी या कडेने, वेग मात्र एकच. मोठा रस्ता आला की ती जवळ यायची आणि हात पुढे करायची, तोंड दुसरीकडे. पलीकडे पोचलो की हात सोडून दोघी आपापल्या स्कर्टला पुसायचो, दुसरीला दिसेल असे.

ती कट्टी कशी सुटली हे अजिबात आठवत नाही. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याला जुनी वर्तमानपत्रं लागतात आणि ती तिच्याकडे जास्त होती. एवढं कारण पुरेसं असावं.

चौथी संपली आणि पाचवीला सगळ्यांच्या वाटा बदलल्या. हायस्कूल इंग्रजी. कुणाचं गावातलंच, कुणी बसने डिचोलीला जायला लागलं, जगमांच्या घरची मामाकडे पेडण्याला गेली. भांडण नाही, रडारड नाही, कट्टी तर नाहीच. नुसतं हाक मारणं थांबलं. मैत्री आमची नव्हतीच, त्या वाटेची होती, असं एक वाक्य मध्यंतरी मला फार पटलं होतं. दोन-तीन ठिकाणी बोलूनही दाखवलं. आता तितकंसं पटत नाही, पण सोडून देऊ.

सवय मात्र राहिली. मला अजून बेल वाजवता येत नाही. म्हणजे वाजवता येते, पण बेल वाजवून दाराशी गप्प उभं राहणं मला चोरासारखं वाटतं. माझी नणंद फोंड्याला चौथ्या मजल्यावर राहते. मी खालूनच हाक मारते. तिसऱ्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येतात. "वहिनी, बेल आहे, लिफ्ट आहे, गेला बाजार फोन तरी आहे," असं ती दर वेळी म्हणते. पण वरून "आले गं" असं ओरडते आणि पुढची पाच मिनिटं येत नाही, तेव्हा मला फार बरं वाटतं.

ट्रकवाल्यांचा मुलगा गावातच राहिला. वडिलांचा ट्रक म्हातारा झाल्यावर त्याने कर्ज काढून स्वतःचा घेतला, पुढे देवाचं नाव, मागे दोन्ही मुलींची. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पहिले काही दिवस गावाला चैन वाटली. झाडं हिरवी दिसायला लागली, कपडे बाहेर वाळायला लागले, रस्ता कुणीही कसाही ओलांडावा. मग एकेकाच्या अंगणात उभे ट्रक दिसायला लागले. चाकाखाली दगड लावलेले. एका घरी तर कुणीतरी केबिनवर भोपळ्याचा वेल चढवला होता, आणि त्याला भोपळे लागले होते. हसावं की काय करावं कळेना. मधे पुन्हा सुरू झालं, २०१८ साली पुन्हा बंद पडलं. तोवर त्याने ट्रक काढून टाकला होता. विकला असं तो म्हणत नाही, दिला म्हणतो.

सोमवारच्या बाजारात कधी भेटला तर घरच्यांची चौकशी करतो, माझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारतो. ट्रकचं तो काढत नाही, मीही नाही.

आता डिचोलीकडची खाण पुन्हा चालू झाली आहे. गेल्या सोमवारी त्याची बायको भाजीपाशी भेटली. म्हणाली, यांच्या मनात परत ट्रक घ्यायचं आहे, बँकेत जाऊन आले. मी पटकन म्हटलं, नको गो, घेऊ देऊ नकोस. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "मग काय करू देऊ?"

ती थांबली होती. मी कांद्याचा भाव विचारला. भाजीवाल्याने सांगितला, आम्ही दोघींनी महाग म्हटलं, आणि एकेक किलो घेतले.