सहा वर्षं वॉर्ड करून आयसीयूत नवीन झाले, माझा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात की वॉर्डातून आयसीयूत गेलीस तर जमलं कसं, किती दिवस लागले, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, त्यानंतर सहा वर्षं मेडिसिन वॉर्ड केला, सोलापुरात. ३० बेडचा वॉर्ड, नाईटला आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. तिथं कुणाचं काही अडलं की माझ्याकडे यायचे, व्हेन सापडत नाही, कॅथेटर जात नाही, नातेवाईक भांडतायत, सगळ्याला मीच. मग एका एप्रिलमध्ये मॅट्रन मॅडमनी बोलावून सांगितलं की एक तारखेपासून आयसीयू, तीन महिने सिनियरबरोबर आणि नंतर स्वतंत्र पेशंट.

पहिल्या दिवशी दोनच पेशंट, तेही दुसऱ्याच्या जोडीला. मनात म्हटलं तीस सांभाळलेत, दोघांचं काय. बारा वाजले तरी माझं घोटभर पाणी प्यायचं राहिलं होतं. दर तासाला व्हायटल्स, इनटेक-आउटपुट, पंपांचे रेट, व्हेंटचं (व्हेंटिलेटरचं) सेटिंग, डोळे, तोंड, दोन तासांनी कूस बदलायची, मधेच एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी), आणि मॉनिटर सतत काही ना काही ओरडतोय. वॉर्डात पेशंट स्वतः हाक मारतो, सिस्टर दुखतंय हो म्हणून, इथं तो काहीच सांगू शकत नाही, सगळं आपण शोधून काढायचं.

पण मला सगळ्यात जड गेलं ते विचारणं. मला शिकवायला जो ब्रदर (पुरुष नर्स) होता तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. सहा वर्षं लोक माझ्याकडे विचारायला आलेले आणि आता मी या पोराला विचारायचं की हा आर्ट लाईनचा (धमनीतून सतत बीपी मोजणाऱ्या नळीचा) ट्रान्सड्युसर, म्हणजे सेन्सर, झिरो कसा करतात? तोंडातून शब्दच निघायचा नाही. कळलं का ताई म्हणाला की मी हो म्हणायचे, आणि घरी येऊन भात कुकरला लावता लावता मोबाईलवर व्हिडिओ बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात, नाईटला, ते अंगाशी आलं. सेप्सिसचे (अंगभर भिनलेल्या इन्फेक्शनचे) आजोबा होते, व्हेंटवर, नॉरअ‍ॅड चालू. हे बीपी धरून ठेवणारं औषध, पंपावर बसवलेल्या सिरिंजमधून जातं. आमच्याकडे ८ मिलिग्रॅम ५० मिलीत करतात, म्हणजे एका मिलीत १६० मायक्रोग्रॅम. आजोबा ६० किलोचे, डोस किलोला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम, हिशोब केला तर तासाला २.२५ मिली. हा सव्वादोनचा आकडा लक्षात ठेवा. पहाटे पावणेचारला सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजला. ब्रदर पलीकडच्या बेडला सक्शन करत होता. मी नवीन सिरिंज भरली, लेबल लावलं, जुनी काढली, नवी बसवली, स्टार्ट दाबलं. दोन-तीन मिनिटांत एमएपी (सरासरी बीपी) ७२ वरून ४६. पंप तर चालू दिसतोय, हिरवा दिवा आहे, अलार्म नाही, मग बीपी का चाललंय तेच कळेना, हातपाय गार पडले माझे. आणि त्या घाईत मी पंपाच्या बोलसच्या (औषध एकदम ढकलणाऱ्या) बटणाकडे हात नेला.

ब्रदर पळत आला आणि माझा हात धरला, ताई बोलस नको. त्याने जुन्या सिरिंजमध्ये उरलेलं होतं ते शेजारच्या रिकाम्या पंपावर फट काढून (कसली फट ते पुढे सांगते) लावलं, मला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, स्वतः मॉनिटरवरून नजर हलवली नाही. पाच-सहा मिनिटांत एमएपी ६५ च्या वर आला. सगळं निवळल्यावर तो एवढंच म्हणाला, मला वाटलं तुम्हाला येतं, तुम्ही हो म्हणाला होता ना. त्याचं बरोबर होतं. आजोबांचं पाच मिनिटं बीपी पडलं ते माझ्या त्या हो मुळे.

नेमकं काय झालं होतं ते आधी सांगते, कारण हे नवीन कुणाबाबतही होऊ शकतं. नॉरअ‍ॅड शरीरात दोन-तीन मिनिटंच टिकतं. नवीन सिरिंज बसवली की तिचा दांडा आणि पंपाचा ढकलणारा भाग यांच्यात बारीक फट राहते. तासाला ५० मिलीवर चालणारं काही असेल तर ती फट लगेच भरून निघते, पण सव्वादोन मिलीच्या वेगाने ती भरायला कितीतरी मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ पंप फिरताना दिसतो पण पेशंटला औषध शून्य. आणि बोलस दाबला असता तर एकदम इतकं गेलं असतं की बीपी वर कुठं जाऊन थांबलं असतं देव जाणे.

सकाळी मी स्वतः इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, इन्सिडंट फॉर्म भरला. मला वाटलं आता वॉर्डात परत पाठवतील. त्या ओरडल्या नाहीत. ओव्हर (पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवणं) झाल्यावर मला थांबवून घेतलं, दोन रिकामे पंप काढले, सिरिंजमध्ये साधं सलाईन भरलं आणि म्हणाल्या, दहा वेळा बदलून दाखव. नाईट करून डोळे मिटत होते तरी दहा वेळा केलं. त्यांची पद्धत अशी: जुनी १०-१२ मिलीवर असतानाच नवीन भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपावर चढवायची, पेशंटला जोडायच्या आधी लाईनच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत पंपानेच पुढे ढकलायचं म्हणजे फट जाते, मग थ्री-वेला (लाईनवरच्या तीन तोंडांच्या जोडाला) जोडून त्याच रेटने सुरू करायची आणि जुनीही चालू ठेवायची. नव्या पंपाचं औषध पोचलं की बीपी वर सरकायला लागतं, ते दिसलं की जुनी हळूहळू कमी करत बंद. सगळा वेळ मॉनिटरसमोर उभं राहायचं, मधेच दुसऱ्या कामाला जायचं नाही. ओव्हरच्या तोंडावर बदलायची नाही, आपल्या ड्युटीत निवांतपणे बदलून द्यायची. दुसरा पंप मोकळा नसेल तर एकटीने अजिबात नाही, दोघींनी मिळून. आणि इनोट्रोपच्या (अशा बीपीच्या औषधांच्या) लाईनमधून अँटिबायोटिक वगैरे काही सोडायचं नाही, मागून ढकललं की लाईनमधलं सगळं नॉरअ‍ॅड एका झटक्यात आत जातं.

त्या दिवसापासून मी खिशात वही ठेवायला लागले, छोटी, किराणावाल्याकडची. ठरवलं की प्रत्येक ड्युटीला निदान तीन प्रश्न विचारायचेच, कुणालाही, ब्रदर असो, रेसिडेंट डॉक्टर असो, मावशी असो. पहिले चार दिवस कान तापायचे विचारताना. नंतर लक्षात आलं की तो ब्रदरही मला विचारतोय, व्हेन कशी शोधता ताई, म्हातारी माणसं असली की माझ्याकडून फुटते.

वहीतलं थोडं सांगते. इन्सुलिनचं पहिलं, कारण त्यात मी वॉर्डातून आले म्हणून बिनधास्त होते. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची व्हायलही असते आणि १०० ची पण, लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. इन्फ्युजनसाठी ५० युनिट ५० मिलीत करायचे तर ४० च्या व्हायलमधून सव्वा मिली लागतं आणि १०० च्या मधून अर्धा मिली. गडबडीत व्हायल बदलली तर अडीचपट फरक पडतो. म्हणून भरताना दुसऱ्या सिस्टरला व्हायल हातात देऊन मोठ्याने वाचायला लावायचं, लाज बाळगायची नाही. पोटॅशियमचंही तेच, १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं आणि ते कधीच थेट पुश करायचं नाही, हे वॉर्डातही पाठ होतं, पण इथं अँप्युल हाताशी असतात म्हणून जास्तच जपावं लागतं.

व्हेंटचा अलार्म झाला की मी आधी स्क्रीनकडे पळायचे. इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, आधी पेशंटकडे बघ, छाती हलतेय का, दोन्ही बाजूंनी हलतेय का, रंग कसा आहे. मग श्वासाची ट्यूब ओठापाशी किती सेंटीमीटरवर आहे, ओव्हर घेतली तेव्हा २२ होती आणि आता १९ दिसतेय का. मग चावतोय का, कफ आहे का, पाईप वळलाय का, पाण्याने भरलाय का. काहीच कळेना आणि सॅच्युरेशन पडतंय तर व्हेंट काढून अँबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावायची आणि हाक मारायची. हाक मारायची म्हणजे खरंच ओरडायचं.

डॉक्टरांना फोन करणं हाही शिकायचा भाग निघाला. मी फोन लावून म्हणायचे, सर बेड चारचं बीपी कमी आहे. पलीकडून प्रश्न, किती, कधीपासून, युरिन किती, नॉरअ‍ॅड कितीवर, लॅक्टेट किती, आणि मी फोन धरून फाईल शोधतेय. आता फोनच्या आधी एक मिनिट बेडपाशी उभी राहते, सगळं चिठ्ठीवर लिहिते, ट्रान्सड्युसर छातीच्या लेव्हलला आहे का तेही बघते, कारण बेड वर घेतला आणि ट्रान्सड्युसर खालीच राहिला तर दर १० सेंटीमीटरला साधारण ७ ने बीपी खोटंच जास्त दिसतं. आणि शेवटी मला काय हवंय ते सांगते, सर येऊन बघा किंवा डोस वाढवू का. तेव्हापासून बोलणी खाणं कमी झालं हे मात्र खरं.

एक गोष्ट मला फार लागली. अक्कलकोटकडच्या एक आजी होत्या, ट्यूब टाकलेली. सकाळी सेडेशन (गुंगीचं औषध) थांबवून बघायचो तेव्हा डोळे उघडायच्या पण हात वर करा म्हटलं तर करायच्या नाहीत, दोन दिवस आम्ही शुद्धीच्या स्कोअरमध्ये मोटरला, म्हणजे हालचालीला, ६ पैकी ५ लिहिले. तिसऱ्या दिवशी मावशी लादी पुसत होत्या, त्या सहज म्हणाल्या, सिस्टर त्यांना मराठी येत नाही, घरी कानडीच बोलतात. मावशींनीच वाकून सांगितलं, अज्जी, कै एत्तरी. आजींनी लगेच हात उचलला. मला तिथंच रडू आलं. दोन दिवस ती बाई शुद्धीवर होती आणि आम्ही तिच्याशी तिला न कळणारं बोलत होतो. रेसिडेंटना सांगितलं, त्यांनी परत तपासलं, ६ लिहिले. आता आमच्या अ‍ॅडमिशनच्या कागदावर मी वरच लिहिते, घरची भाषा कुठली. कानडीचे दहा-बारा शब्द वहीत आहेत, नोवु म्हणजे दुखणं, उसिरु म्हणजे श्वास, बाकीचे मावशींकडून चालू आहेत.

नातेवाइकांचं अजूनही जमत नाही तितकं. बाहेर चटई टाकून रात्र रात्र बसलेले असतात, भेटायला पाच मिनिटं मिळतात आणि त्यात विचारतात, बाबा वाचतील ना सिस्टर. ते सांगणं डॉक्टरांचं काम, पण नुसतं डॉक्टरांना विचारा म्हणून तोंड फिरवणं मला बरोबर वाटत नाही. मग मी केलेलं सांगते, सकाळी अंग पुसलं, दाढी केली, पाठीला कुठं जखम नाही, तुम्ही हात धरून बोला, चालतं. त्या सेप्सिसच्या आजोबांच्या मुलाला असंच सांगत होते तेव्हा त्यांची ट्यूब निघून दुसरा दिवस होता आणि ते मुलाला चहा मागत होते.

जुलैच्या शेवटी स्वतंत्र पेशंट घेण्याच्या फॉर्मवर सह्या झाल्या, व्हेंट, आर्ट लाईन, इनोट्रोप, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची ट्रॉली), सगळ्या रकान्यांत. नॉरअ‍ॅडच्या रकान्यापुढे सही त्या ब्रदरनेच केली, आधी एकदा पूर्ण बदलायला लावून.

आता सोमवारपासून मला सीआरआरटी (आयसीयूतलं सतत चालणारं डायलिसिस) शिकायला लावलंय. वहीत पान काढलंय, अजून मशीनला हातही लावला नाही पण तीन प्रश्न लिहून झालेत: फ्लुईड काढलं ते तासाच्या आउटपुटमध्ये कसं धरता, फिल्टर क्लॉट व्हायच्या आधी कुठला प्रेशर वाढताना दिसतो, आणि सीटीला न्यायचं असेल तर रक्त परत द्यायला किती वेळ आधी सुरुवात करता.