ग्राउंड निघतं पण गणित निघत नाही

आमच्या धुळ्याकडं भरतीची तयारी म्हटलं की सगळे आधी पायाकडं बघतात. पहाटे रोडवर पोरंच पोरं, कुणी आर्मीचं, कुणी पोलीस भरतीचं, आणि भेटला की पहिला प्रश्न एकच, सोळाशे मीटर कितीत मारतो भो? गणित कितपत येतं हे कुणी विचारत नाही. आणि खरी गोष्ट अशी की 2023 पासून अग्निवीरला आधी ऑनलाइन पेपर आहे आणि त्यात निघालं तरच ग्राउंड म्हणजे पळायची परीक्षा, आधी उलटं होतं, आधी ग्राउंडची रॅली मग पेपर. म्हणजे आता पाच मिनिटात सोळाशे मारणारा पोरगा पण पेपरला अडकला तर त्याला पळायलाच मिळत नाही, आणि हे मला फार लागतं कारण असे पोरं माझ्यासोबत रोज पळतात.

जीडी म्हणजे जनरल ड्युटी, साध्या शिपायाची भरती, तिच्या पेपरला 50 प्रश्न, 100 मार्क, एक तास, चुकलं की अर्धा मार्क कट. त्यात गणिताचे 15, म्हणजे 30 मार्क. ते सोडून मेरिटला लागायचं म्हणजे बाकी सगळं जवळपास पूर्ण बरोबर पाहिजे.

आमच्या अकॅडमीत नियम आहे, बेसिक गणिताची टेस्ट निघाली नाही तर संध्याकाळी एक्स्ट्रा क्लास कंपल्सरी, आणि तो क्लास पाचवीच्या पुस्तकापासून सुरू होतो. मी त्यात आहे. बारावी झालेल्या पोरानं अपूर्णांकाची बेरीज करत बसायचं हे सुरुवातीला खूप जड गेलं, शेजारी दहावीतली पोरं बसलेली. पण माझं अडतं ते तिथंच. शाळेत छेद सारखे करायचं कधी नीट बसलंच नाही आणि पुढं काळ-काम-वेग, सरासरी, व्याज सगळं त्याच्यावरच उभं आहे. यूट्यूबच्या ट्रिका पाठ करून पाहिल्या, प्रश्न थोडा फिरवला की ट्रिक गेली.

आमचे सर रिटायर्ड जिल्हा परिषदेचे गुरुजी, ते ट्रिक देतच नाहीत. अ ला 12 दिवस लागतात, ब ला 18, दोघं मिळून किती? गुरुजी म्हणे काम म्हणजे कपाशीच्या 36 ओळी समज, 36 का तर 12 आणि 18 चा लसावि. अ रोज 3 ओळी वेचतो, ब 2, दोघं मिळून 5, मग 36 भागिले 5, सात पूर्णांक एक पंचमांश दिवस. माझी माय किलोवर कापूस वेचते, तिचा रोजचा हिशोब तोंडी असतो, तिला हे सांगितलं तर म्हणे यात अवघड काय से? मला मात्र हे आत्ता समजलं.

सगळ्यात जास्त वेग समजला तो ग्राउंडवर. पळण्यात पहिल्या ग्रुपला, म्हणजे पूर्ण मार्क मिळणाऱ्या ग्रुपला, 1600 मीटर साडेपाच मिनिटात, म्हणजे 330 सेकंद. 400 च्या ट्रॅकवर चार राउंड, एक राउंड साडेब्याऐंशी सेकंदात. 1600 भागिले 330 म्हणजे सेकंदाला साधारण 4.85 मीटर, त्याला 18/5 नं गुणलं की ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. हे 18/5 नुसतं पाठ होतं, कुठून आलं माहीत नव्हतं, तर तासात 3600 सेकंद आणि किलोमीटरमध्ये 1000 मीटर, 3600/1000 केलं की झालं. आता राउंडला घड्याळ बघून कळतं कुठं ढिला पडलो.

अजून शेकडेवारी बाकी आहे, नफा-तोट्यात खरेदी किंमत शंभर धरायची की विक्री, तिथं गोंधळ होतोच. वयाची मर्यादा कुणासाठी थांबत नाही म्हणून घाई वाटते, आप्पा पण विचारतात फॉर्म कधी निघणार. पण गुरुजींनी सांगितलंय मॉक टेस्टला इतक्यात बसायचं नाही आणि मला ते पटलंय. ज्यांचं असंच अडतं त्यांनी बालभारतीच्या साइटवरून पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तकं काढून घ्या, फुकट आहेत, आणि लाज न धरता पाचवीपासून धरा. संध्याकाळच्या क्लासला माझ्या बाजूला जागा आहे.