रामोजीतला दिवस, सेटच्या मागच्या बाजूने

मंगळवार, रात्र. वनस्थळीपुरम, हैदराबाद.

पाय भरून आलेत. आई केव्हाच झोपली, मुक्ता अजून फोटो बघत लोळतेय. आजच लिहून टाकते, सोलापूरला पोचले की घरची कामं काही सुचू देणार नाहीत.

निघताना ज्याने त्याने सल्ला दिला होता. सगळ्या राइड्स करून घ्या, एकही शो सोडू नका, तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत. मी कालच प्रशांतला सांगून टाकलं, सगळं बघायचं नाही. साधारण दोन हजार एकरांवर पसरलेली रामोजी फिल्म सिटी, जगातलं सर्वांत मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद असलेली. तिथे धावाधाव केली तर घरी नुसते फोटो येतात. आईला बसमधून आरामात सेट बघायचे होते, मुक्ताला फंडुस्तानमध्ये मनसोक्त खेळायचं होतं आणि मला ते सेट उभे कसे केलेत ते बघायचं होतं. एवढं नीट झालं की दिवस आपला.

रस्ता तर आपलाच. पुण्याहून निघालेला 65 नंबरचा हायवे सोलापूर, हैदराबाद करत पुढे विजयवाड्याकडे जातो आणि रामोजी शहर ओलांडल्यावर त्याच रस्त्याला लागून आहे. लॉज मुद्दाम याच बाजूला घेतलं. शहराच्या पश्चिमेला उतरलो असतो तर सकाळ ट्रॅफिकमध्येच गेली असती. गेटपासून आत बऱ्याच अंतरावर बसने नेतात, तेही वेळेत धरावं लागतं. आत शिरल्याशिरल्या शोच्या वेळा बघून घेतल्या. सकाळी ऊन कोवळं असताना बसची चक्कर, भर दुपारी छताखालचे शो, कलत्या उन्हात खेळ. आईचा रक्तदाबाचा त्रास बघता हाच क्रम बरा होता.

बसमधून दिसतात ती घरं, रस्ते, राजवाड्यांचे दर्शनी भाग, रेल्वे स्टेशन. एक इमारत समोरून एक दिसते, बसने वळसा घेतला की तिचीच दुसरी बाजू भलत्याच गावातली. स्टेशनावर पाटी बदलली की गाव बदललं. आई प्रत्येक ठिकाणी "खरंच का गं?" म्हणत होती आणि माझा जीव मात्र मागच्या बाजूत अडकलेला. लाकडी सांगाडा कुठे संपतो, प्लास्टर कुठे सुरू होतं, कोपऱ्यातला जोड कसा लपवलाय. आमच्या ग्रुपचं नेपथ्य मी इतकी वर्षं करतेय. राज्य नाट्य स्पर्धेसाठी वाड्याची भिंत प्लायवूड आणि गोणपाटावर उभी करताना रात्री जागवल्यात. त्यामुळे इथल्या भिंतीवरचा खोटा ओलावा, खिडकीखाली ओघळलेला डाग दिसला की त्या न दिसणाऱ्या रंगाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. डाग कुठे पडेल हे त्याला पावसाइतकंच ठाऊक असतं!

बाहुबलीच्या सेटवर आम्ही सगळ्यांत जास्त थांबलो. 2015 आणि 2017 च्या त्या दोन चित्रपटांसाठी उभारलेलं हे जग त्यांनी पाडलं नाही, लोकांसाठी ठेवलं, हे फार चांगलं केलं. एरवी सेटचं आयुष्य किती? शूटिंग संपलं की हातोडा. एका मूर्तीजवळ गेले. लांबून पंचधातूची वाटणारी, जवळून फायबरची. माणसाचा हात पोचतो त्या उंचीवर हजारो हात फिरून सोनेरी रंग उडालाय, खालचा फिकट थर दिसतो. त्याच्या वर मात्र ब्रशचे फटकारे जसेच्या तसे आहेत, काळसर तपकिरी, खाचांमध्ये दाट आणि उंचवट्यावर पुसून घेतलेले. धातू जुना दिसतो तो याच पुसण्याने. मुक्ताला तिथे उभं करून दाखवलं. तिने बोट फिरवून बघितलं आणि मग प्रत्येक खांबापाशी जाऊन खाचा तपासत बसली.

मूव्ही मॅजिक नावाच्या शोमध्ये तिला खरा खजिना सापडला. प्रेक्षकांतल्याच काहींना पुढे बोलावतात. घोडागाडी जागच्या जागी, हलवणारे वेगळे, मागचं दृश्य वेगळं. मग आवाज वेगळे भरतात आणि शेवटी सगळं जोडून पडद्यावर दाखवतात. आता गाडी सुसाट पळतेय! टापांसाठी करवंट्या वापरायची युक्ती नाटकवाल्यांना जुनीच, पण चित्र आणि आवाज वेगवेगळे तयार होऊन एकत्र येतात हे मुक्ताला आज डोळ्यांनी दिसलं. तिला सांगितलं, आपल्या प्रभात फिल्म कंपनीत दामल्यांनी आवाजाची बाजू सांभाळली आणि साहेबमामा फत्तेलालांनी सेट उभे केले. 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेली ती कंपनी पुढे पुण्यात आली आणि तिच्याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढच्या सुट्टीत तिला तिथे न्यायचंच.

रामोजी राव 2024 च्या जूनमध्ये गेले. 1996 साली सुरू केलेल्या या जागेबद्दल त्यांची कल्पना साधी होती: निर्मात्याने हातात पटकथा घेऊन यावं आणि तयार चित्रपट घेऊन जावं. सुतार, रंगारी, शिंपी, लाइटवाले, सगळे एका कुंपणात. आपल्याकडच्या पोरांना शाळेच्या सहलीत हे दाखवायला हवं. नुसते पाळणे नव्हेत, मागचे हात दाखवायला हवेत.

दुपारनंतर फंडुस्तान. मुक्ता आणि प्रशांत खेळले, आई आणि मी सावलीत बसून चहा घेतला. पक्ष्यांचं उद्यान राहिलं, स्टंट शोही राहिला. आईला विचारलं, अजून बसची एक चक्कर आहे, थकली नसशील तर जाऊ या का? तर म्हणाली, "नको, जे बघितलं ते आठवू दे की नीट."

परतीच्या गाडीत मुक्ताचा एकच धोशा. जानेवारीतल्या आमच्या प्रयोगात पाऊस आहे, तो स्पीकरवरून लावायचा नाही, विंगेतून ती स्वतः करणार. सुपात मोहरी फिरवून बघू म्हणतेय. सूप आणि मोहरी मी देईन, सराव घरी करून घेईन. विंगेत उभं राहायची परवानगी मात्र दिग्दर्शकांकडे तिनेच जाऊन मागायची आहे, आणि त्यासाठी काय बोलायचं ते ती आत्ता वहीत लिहितेय.