गट पाडताना गळणाऱ्या ओळी

डेटाफ्रेमचे (ओळी-रकान्यांच्या तक्त्याचे) गट पाडायला कोडची एक ओळ पुरते. ती चुकली तरी बहुतेक वेळा एरर येत नाही, हीच खरी पंचाईत. आकडे नीटनेटके दिसतात आणि काही नोंदी मधल्यामध्ये गळालेल्या असतात.

समजा, गटाच्या रकान्यात 'अ' ४ वेळा, 'ब' ४ वेळा आणि २ जागा रिकाम्या आहेत. पांडाजमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) ग्रुपबाय करून साइझ, म्हणजे प्रत्येक गटातल्या ओळींची संख्या, काढली, तर ४ आणि ४ मिळतात. एकूण ८, उरलेल्या २ नोंदी मुकाट बाद. 'ड्रॉपएनए' (रिकाम्या नोंदी गाळायची सेटिंग) फॉल्स केलं की तिसरा गट दिसतो. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत डीप्लायर हे पॅकेज रिकाम्यांचा वेगळा गट ठेवतं, पण त्याच आरमधलं टीॲप्लाय हे फंक्शन तो वगळतं. फॉर्म्युला देऊन वापरलेलं ॲग्रिगेट आणखी कडक: सरासरी काढायला सीबाइंडने (रकाने जोडणाऱ्या फंक्शनने) दोन रकाने दिले आणि एखाद्या नोंदीत त्यातला एकच रिकामा असला, तरी ती नोंद दोन्ही सरासऱ्यांतून जाते.

म्हणून आधी गटांच्या साइझची बेरीज मूळ ओळींशी ताडून बघा. तिथे काउंट वापरू नका; ते प्रत्येक रकान्यातल्या भरलेल्या जागाच मोजतं. बेरजेतही एक खोच आहे. गटातल्या सगळ्या किमती रिकाम्या असल्या, तर पांडाज ० देतं. विक्री शून्य होती की माहितीच आली नाही, हे मग कळत नाही. म्हणून 'मिन काउंट' (बेरजेसाठी किमान किती जागा भरलेल्या हव्यात) १ ठेवा.

मजकुराच्या रकान्यात शेवटची एखादी स्पेस गट फोडायला पुरेशी असते. देवनागरीत तर 'बॅटऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतं: स्वतंत्र 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, गट मात्र दोन! युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हे जुळवत नाही, थेट रिप्लेसच करावं लागतं.

गटांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नका. ४ नोंदींची सरासरी ५० आणि एकाच नोंदीची १०० असेल, तर एकूण सरासरी ६०, ७५ नव्हे.

डीप्लायरमध्ये दोन रकान्यांवर गट पाडून समराइझ केलं (प्रत्येक गटाचा गोषवारा काढला) की गटवारीचा फक्त शेवटचा थर निघतो, पहिला तसाच राहतो. पुढे म्युटेटने (नवा रकाना जोडून) टक्के काढले, तर प्रत्येक गटाचे वेगवेगळे १०० होतात. एकूणातले टक्के हवे असतील, तर आधी अनग्रुप करा.