१४.१ व्होल्ट, ठीक

रविवारी गाडी उभी, सोमवारी सकाळी सेल्फला नुसती टिकटिक, बाकी आठवडाभर काही तक्रार नाही. एवढं ऐकलं की गाडी उभ्या उभ्या करंट खातेय हे बॉनेट न उघडताही कळतं. तरीही या गाडीत आठ महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या. लीकेज शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. बॅटरी दहा मिनिटांत बदलून होते. त्यामुळे आमच्या धंद्यात सगळ्या रोगांवर एकच औषध चालतं.

मालक आल्या आल्या म्हणाले, "दादा, बॅटरी सोडून काय ते सांगा."

गाडी रात्रभर ठेवून घेतली. लीकेज मोजताना लोक चुकतात ते घाईमुळे. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि टर्मिनल व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर लावायचा, लाल पिन १० अँपियरच्या भोकात. मिलिअँपच्या भोकात घातली तर मीटरचा फ्यूज उडतो. हल्लीच्या गाड्यांत टर्मिनल काढून लावलं की सगळी कंट्रोल युनिटं, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, जागी होतात आणि सुरुवातीला मीटर दोन-तीन अँपियरही दाखवतो. तो आकडा बघून वायरिंग फाडायला बसलेले मी पाहिलेत. दार उघडं ठेवायचं, पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. बॉनेटच्या लॅचचंही तेच. किल्ली लांब ठेवायची आणि अर्धा तास गाडीला हात लावायचा नाही. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही हे वेगळं सांगायला नको, पण आमच्या पोराने एकदा मारलाय.

अर्ध्या तासाने आकडा ०.६१ अँपियरवर थांबला. निरोगी गाडी ०.०२ ते ०.०५ खाते. ०.६१ म्हणजे दिवसाला साडेचौदा अँपियर-तास. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ धरली तर ४५ अँपियर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी. त्यात रोजचं पळणं पंधरा-वीस मिनिटांचं, म्हणजे ती मुळात पूर्ण भरलेलीच नसते.

फ्यूज एकेक उपटत बसू नये, परत घालताना युनिट जागं होतं आणि आकडा पुन्हा नाचतो. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही पिना तिथे टेकवायच्या. करंट वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर थोडं तरी काही दिसतं. बाहेरून बसवलेला स्टिरिओ असला की माझा पहिला संशय त्याच्यावर: पिवळी वायर कायमच्या सप्लायला आणि लाल किल्लीच्या सप्लायला हवी, पण बसवणारे दोन्ही एकत्र पिळून मोकळे होतात. इथे तेही बरोबर होतं. आतला आणि बॉनेटखालचा फ्यूजबॉक्स पाहिला, ०.६१ चा हिशेब लागेल असं काहीच सापडलं नाही.

मग सकाळी सहज हात फिरवला. इंजिनचं झाकण गार, रेडिएटर गार, पण अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, मागची बाजू कोमट. इंजिन बंद होऊन बारा तास झाले होते. बॅटरीच्या बारा व्होल्टला ०.६ अँपियरने गुणा, सात वॅट होतात, डिकीतल्या छोट्या बल्बाएवढी उष्णता.

निगेटिव्ह काढला, अल्टरनेटरची जाड केबल सोडून तिचं टोक रबराने गुंडाळलं, निगेटिव्ह परत मीटरमधून जोडला आणि पुन्हा अर्धा तास बसलो. ०.०३.

अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, जोडीजोडीने, वर एक खाली एक. करंट बाहेर सोडायचा आणि बॅटरीतून परत येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. एकच डायोड गळायला लागला तर जोडीतला दुसरा अडवतो. उभ्या गाडीत करंट अल्टरनेटरमधून बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला, जायचा तर वरचा आणि खालचा, दोन्ही गेलेले हवेत. दोन एकदम कसे जातील, हे मला उमगेना. तेवढ्यात बॅटरीवरच्या मोठ्या, नटाने कसलेल्या फ्यूजकडे लक्ष गेलं. शेजारचे धुळीने पिवळे पडलेले आणि हा एकटा स्वच्छ.

मालकांना विचारलं. आठ महिन्यांपूर्वी हेडलाइट चालू राहिले होते, बॅटरी उतरली म्हणून शेजाऱ्याने त्याच्या गाडीवरून केबल लावून दिली, मोठी ठिणगी उडाली, मग कोणीतरी एक फ्यूज बदलला.

उलटी केबल लागली की करंट दोन्ही डायोडमधून एकदमच धावतो. फ्यूज उडाला म्हणून ते जळाले नाहीत, नुसते अर्धवट भाजले असावेत. शपथेवर सांगता येणार नाही, पण दुसरं कारण सुचत नाही.

केबलच्या रंगावर विसंबू नये, बॅटरीवर कोरलेलं अधिकचं चिन्ह बघावं. आधी लाल बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या पॉझिटिव्हला, मग काळी चालू गाडीच्या निगेटिव्हला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना उलट्या क्रमाने.

मग कोणाला आधी कळलं कसं नाही? कारण सगळे इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट बघतात, चौदाच्या आसपास दिसले की अल्टरनेटर पास. पन्नास-साठ अँपियर देणाऱ्या यंत्रात अर्ध्या अँपियरची गळती त्या आकड्यात दिसणार कुठे? ती इंजिन बंद असतानाच मोजावी लागते.

अल्टरनेटर बदलला. आताची बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, सेल्फ मारताना १०.४ व्होल्टच्या खाली गेली नाही. साडेनऊच्या खाली गेली असती तर तीही टाकावी लागली असती.

बिल करताना गाडीचा नंबर जुन्या वहीत शोधला. चार महिन्यांपूर्वीची नोंद, अक्षर माझं: चार्जिंग १४.१, ठीक. बॅटरी नवीन दिली.